मदत हवी आहे: फ्रॉइडचा 'इख' आणि पाली 'अत्ता' यांना मराठी शब्द

एम.ए. मानसशास्त्राच्या टिपणात दोन्ही संकल्पना शेजारी येतात. 1923 मध्ये फ्रॉइडने साधा जर्मन 'इख', म्हणजे 'मी', वापरला. आपल्याकडे त्याचा 'अहं' झाला. मग बौद्ध विचारातली अनत्ता ('अत्ता' म्हणजे आत्मा, तो नसणे) 'अहं नसणे' अशी वाचली जाते, आणि मनोविश्लेषणात अहं विस्कटणे हे तर आजाराचे लक्षण! अनत्तामध्ये नाकारला आहे तो पंचस्कंधांतला, म्हणजे शरीर-मनाच्या पाच घटकांतला, नित्य, स्वतंत्र आत्मा. व्यवहार सांभाळणारी मानसिक यंत्रणा नव्हे.

'मी' वापरून पाहिले, पण 'मीला', 'मीचे' अशी रूपे अडखळतात. 'मीपणा' म्हणजे गर्व. मनोविश्लेषक कोहुटच्या 'सेल्फ'साठी 'स्व' ठेवलाय, तो बदलायचा नाही. अनत्ताला 'अनात्म' चालेल. विद्यार्थ्यांना पाली येत नाही, तळटीपा नकोत.

'इख'साठी विभक्ती नीट घेणारा, गर्वाची छटा नसलेला शब्द कोणता?