लॅबचं (लॅब्रॅडॉर कुत्र्याचं) ३ महिन्यांचं पिल्लू: किती चालवायचं?

सिडको_नाशिक: तिसरा मजला, लिफ्ट नाही. लसीचे दोन डोस झालेत, शेवटचा बाकी आहे. संध्याकाळी अंगात आल्यासारखं घरभर पळतं, पोटऱ्यांना चावतं. दमवायला गोदापार्कला नेऊ का?

पंजा: गोदापार्क आत्ता नकोच. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत, जिथे भटकी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका. पार्वोचा (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका. नव्या गोष्टी न घाबरता स्वीकारायचं वय साधारण १४-१६ आठवड्यांपर्यंतच असतं. कडेवर घेऊन रोज दहा-पंधरा मिनिटं गेटपाशी उभे राहा. रिक्षा, सायकल, छत्रीवाले, हेल्मेटवाले, सगळं लांबून दिसू दे. अंग चोरलं की मागे सरका, बळजबरी नको.

चालण्यासाठी वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, म्हणजे सध्या एका वेळी १५, असा अंदाज धरतात. तो पट्ट्याला बांधून चालवण्यापुरता. घरात मनाने खेळतंय ते वेगळं, तिथे थांबायचं कधी हे त्यालाच ठरवू दे. जिना मात्र उचलूनच, निदान झेपतंय तोवर. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. लॅबची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो. फरशी गुळगुळीत असेल तर खेळायच्या जागी रबरी मॅट टाका.

शेपूटवाले: संध्याकाळचा धिंगाणा बहुतेक वेळा झोप न झाल्याचा असतो. या वयात दिवसाला १८ तासांच्या आसपास झोप लागते. आणखी पळवलंत तर जास्तच चावेल. पाच वाजता शू करवून, अंधाऱ्या शांत खोलीत झोपवून बघा. चावलं की ओरडू नका, हात झटकू नका, त्याला तो खेळच वाटतो. उठून अर्धा मिनिट पाठ फिरवा. दात शिवशिवतात त्यासाठी ओला फडका गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवून चघळायला द्या, पण समोर बसून.

दमवायचंच तर डोकं दमवा. जेवणाआधी तीन मिनिटं. खाऊ नाकाशी धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्या. ढुंगण टेकलं त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. हात फार वर गेला तर ते उडी मारतं. न चुकता बसायला लागल्यावर 'बस' शब्द जोडा, आणि तो एकदाच म्हणा. आई 'बस', बाबा 'सिट', आजी 'खाली बस रे' असं चालू असलं की पिल्लू कोणाचंच ऐकत नाही.

सिडको_नाशिक: खाऊ म्हणून द्राक्षं चालतील? घरात पेटी आलीय.

पंजा: अजिबात नाही! मनुकाही नाही. किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्याने होईल हे कुत्र्यागणिक बदलतं. खाल्लीच तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा. बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे द्या, आणि तेवढं जेवण कमी करा.