मदत हवी आहे: इनटेकमध्ये ऑइल, प्लग पुन्हा पुन्हा काळे

घाईतला (रविवार, रात्री १०:१२)
नमस्कार. फार लांबड लावत नाही. इनटेकमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत) ऑइल येतंय, प्लग काळेकुट्ट होतात आणि गाडी मिसिंग करते. प्लग साफ करून लावले की आठवडाभर बरी चालते, मग परत तेच. नवा सेटही टाकून झाला. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवावं लागेल. मला उतरवायचं नाही. शुक्रवारी लांबच्या प्रवासाला निघायचंय. नेमकं काय बदलू तेवढं सांगा. जाणकारांनी लवकर प्रतिसाद द्यावा ही विनंती.

किल्लीपाना (१०:३१)
पेट्रोल की डिझेल, टर्बो आहे का, किती किलोमीटर झाले, ऑइल किती खाते, धूर कोणत्या रंगाचा आणि केव्हा दिसतो, स्कॅनरवर काय आलं. यातलं एकही लिहिलेलं नाही. एवढ्या माहितीवर 'काय बदलू' याचं उत्तर 'गाडी' एवढंच देता येतं.

रिंगमास्टर (१०:३८)
रिंगा. डोळे मिटून सांगतो. गॅरेजवाला बरोबर बोलतोय. माझ्या गाडीचं सेम टू सेम झालं होतं, मीही महिनाभर इकडेतिकडे खर्च केला आणि शेवटी रिंगाच टाकल्या.

घाईतला (१०:५५)
पेट्रोल आहे हो, प्लग आहेत म्हणजे पेट्रोलच ना! चार सिलिंडर, टर्बो नाही. १ लाख १८ हजार झालेत. हजार-बाराशे किलोमीटरमागे लिटरभर ऑइल टाकावं लागतं. धूर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळसर येतो, मग जातो. कोड पी०३०१ आणि पी०३०२, म्हणजे १ आणि २ नंबरच्या सिलिंडरचं मिसफायर. आता सांगा.

टर्बोपंत (११:२०)
टर्बोच्या शाफ्टचं सील तपासा. माझ्या डिझेलला तेच झालं होतं. इंटरकूलर उतरवला तर त्यात वाटीभर ऑइल! हे हलक्यात घेऊ नका, डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटतं, चावी काढली तरी बंद होत नाही. अशा वेळी हवा कोंडणं हाच उपाय, नाहीतर गिअर टाकून दाबून बंद करायचं.

किल्लीपाना (११:२४)
@टर्बोपंत, वर स्पष्ट लिहिलंय: पेट्रोल, टर्बो नाही.

टर्बोपंत (११:२९)
असू दे, कुणालातरी उपयोग होईल.

शंकेखोर (सोमवार, सकाळी ७:४०)
मूळ प्रश्नाकडे. 'प्लग काळे' म्हणजे नेमके कुठे? प्लग ज्या विहिरीत बसतो तिथे वरून ऑइल साचलंय, की प्लगचं टोक ओलं आहे? हे दोन वेगळे आजार आहेत. वरचं ऑइल टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत प्लगच्या नळीभोवती जी रबरी सील असतात तिथून झिरपतं. त्याचा ज्वलनाशी संबंध नाही, पण कॉइलचं रबरी बूट भिजून फुगतं आणि ठिणगी बाजूला पळते. टोकावरचं ऑइल मात्र सिलिंडरच्या आतून आलेलं असतं.
आणि टोक काळं म्हणजे कसं काळं? कोरडी भुसभुशीत काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं, चकचकीत आणि चिकट असेल तर ऑइल. ओलं आहे पण पेट्रोलचा वास येतोय, तर ठिणगीच पडत नाहीये.

घाईतला (सकाळी ९:०५)
प्लगवर म्हणजे प्लगवर! मला काय माहीत विहिरी वगैरे. बरं, काढून बघतो.

घाईतला (सकाळी ९:५०)
काढले. १ आणि २ ओले चकचकीत. ३ आणि ४ बऱ्यापैकी कोरडे, तपकिरी. २ नंबरच्या विहिरीत वरूनही ऑइल आहे, बोटभर. म्हणजे दोन्ही आजार? वा.

रिंगमास्टर (१०:०२)
१ आणि २ च्या रिंगा गेल्या. सिद्ध झालं.

दोनठोक्या (१०:१५)
आमच्या टू-स्ट्रोक स्कूटरचे दिवस आठवले. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, त्यामुळे प्लग काळा होणं हे आजारपण नव्हतंच, तो स्वभाव होता. डिकीत एक जादा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा कायम. बंद पडली की रस्त्याच्या कडेला प्लग घासायचा, फुंकर मारायची, किक मारायची. आजची पोरं टो करणाऱ्याला फोन लावतात.
प्लग घासून लावा, चालते की.

शंकेखोर (१०:२२)
@दोनठोक्या, आठवण छान, पण आताचे इरिडियम प्लग पॉलिश पेपरने घासू नका. टोकाची तार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते, वाट लागेल.

सरळसोट (१०:४०)
एक सोपा उपाय. एक नंबर गरम प्लग लावा. गरम प्लगचं टोक जास्त तापतं, ऑइल जळून जातं, आपोआप साफ राहतं. मोठा आकडा मागा.

किल्लीपाना (१०:५८)
@सरळसोट, 'मोठा आकडा मागा' हे सांगणं धोक्याचं आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये उलटं. टोक साधारण ४५० ते ५०० अंशांवर गेलं की स्वतःला साफ करतं हे खरं, पण ८०० च्या वर गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटायला लागतं. लांबच्या प्रवासात भरधाव चालवताना पिस्टन वितळवायचाय का त्यांना? प्लग इथे फक्त निरोप्या आहे. निरोप्याला मारून काय मिळणार?

सरळसोट (११:०६)
दहा वर्षं वापरतोय, काही वितळलं नाही.

किल्लीपाना (११:१५)
@घाईतला, सरळसोट यांना राहू द्या. तुम्ही दोन गोष्टी सांगा. एक, ऑइल थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) आधीच्या पाइपात आहे की नंतर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांत? दोन, स्कॅनरवर फक्त दोनच कोड होते का?

घाईतला (दुपारी १:३०)
थ्रॉटलच्या आधीचा पाइप कोरडा आहे, एअर फिल्टरही कोरडा. थ्रॉटलच्या मागे बोट घातलं तर काळं ऑइल. कोड म्हणाल तर एक पी०१७१ पण आहे, पण तो जुना आहे, चार-पाच महिने झाले. कुणीतरी म्हणालं ऑक्सिजन सेन्सर असेल, म्हणून मी मनावर घेतला नाही. त्याचा काय संबंध?

शंकेखोर (१:४१)
संबंध नाही म्हणता? पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त. आणि प्लग काळे. पेट्रोल जास्त जात असतं तर कोड उलटा आला असता. म्हणजे ती काळिख पेट्रोलची नाहीच, आणि इंजिन कुठूनतरी न मोजलेली हवाही ओढतंय. ऑइल आणि हवा दोन्ही एकाच वाटेनं येत असतील का, हा खरा प्रश्न.

रिंगमास्टर (१:५५)
मिसफायर झाला की न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो पातळ असल्याचं सांगतो. त्यामुळे पी०१७१ हा मिसफायरचा परिणाम आहे, कारण नाही. रिंगाच.

शंकेखोर (२:०३)
मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण मग क्रम बघा. पी०१७१ चार-पाच महिने जुना. @घाईतला, मिसिंग कधीपासून?

घाईतला (२:१०)
सहा आठवडे.

शंकेखोर (२:११)
मग परिणाम कारणाच्या आधी कसा आला?

कॅनवाला (३:२५)
सगळं सोडा. ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपात कॅच कॅन बसवा. ऑइल डब्यात साचेल, इनटेक स्वच्छ. दर दोन हजारांनी रिकामा करायचा. मी प्रत्येक गाडीला बसवतो.

किल्लीपाना (३:४०)
छत गळत असताना खाली बादली ठेवायची, तसं झालं. ऑइल का येतंय ते आधी कळू द्या.
@घाईतला, रिंगांवरून निसटून दाब खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोटात) जास्त जात असता तर ऑइल ब्रीदरमधून थ्रॉटलच्या आधी फेकलं गेलं असतं, एअर फिल्टर ओला झाला असता. तुमच्याकडे तिथे कोरडं आहे आणि मॅनिफोल्ड ओलं, म्हणजे इनटेकचा व्हॅक्यूम ऑइल ओढतोय. संशय पीसीव्हीवर, म्हणजे क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर. आता एवढं करा: गाडी आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून बघा. सहज निघतं का? शिट्टीसारखा आवाज येतो का? स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही (गाडी पेट्रोल किती टक्के वाढवून-घटवून देतेय ते) वाचा, आयडलला किती आणि २५०० आरपीएमला किती.

सहजच (सायंकाळी ५:१०)
झाकणाखाली पांढरट-पिवळट फेस आहे का? असेल तर हेड गॅस्केट गेलं, कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय समजा. आमच्या ओळखीत झालं होतं.

घाईतला (७:३०)
फेस आहे थोडा!! म्हणजे हेड गॅस्केट?? मी शुक्रवारचं रद्द करू का?

किल्लीपाना (७:४४)
शांत. रोज चार-पाच किलोमीटरच चालवता ना? इंजिन नीट तापलं नाही की वाफेचं झाकणाखाली पाणी होतं आणि ऑइलमध्ये मिसळून फेस होतो. कूलंट कमी होतंय का? डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ आहे का?

घाईतला (७:५२)
कूलंट जागच्या जागी. डिपस्टिक स्वच्छ. हो, ऑफिस पाच किलोमीटरवर आहे. तुम्हाला कसं कळलं?

घाईतला (मंगळवार, रात्री ९:१५)
झाकण निघेना! आयडलवर असताना असं चिकटलं होतं की दोन्ही हातांनी ओढलं. निघताच इंजिन अडखळलं आणि एक बारीक शिट्टी होती ती थांबली. ती शिट्टी मला वाटायचं बेल्टची. ट्रिम: आयडलला अधिक २२ टक्के, २५०० ला अधिक ४.

शंकेखोर (९:२१)
हा घ्या. आयडलला मोठी तफावत आणि रेस केल्यावर ती विरते, हे व्हॅक्यूम गळतीचं चित्र आहे. सेन्सर बिघडला असता तर सगळीकडे सारखीच बोंब असती. तुमच्या इंजिनात पीसीव्ही वेगळा व्हॉल्व्ह नसून टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असावा. तो फाटला की मॅनिफोल्डचा पूर्ण व्हॅक्यूम क्रँककेसवर बसतो, बारीक भोकातून बाहेरची हवा येते (तीच शिट्टी), आणि ऑइल ओढलं जातं. सकाळचा धूरही रात्रभर मॅनिफोल्डमध्ये साचलेल्या ऑइलचा असू शकतो.

वाचनमात्र (९:४८)
एक शंका. आत ओढ असेल तर २ नंबरच्या विहिरीत ऑइल बाहेर कसं आलं?

शंकेखोर (१०:०१)
चांगला प्रश्न. ते वेगळंच दुखणं दिसतंय. सव्वा लाखाच्या आसपास ती रबरी सील दगडासारखी होतात, गाडी बंद असतानाही झिरपतं. पण कव्हर बदललं की नवी सील बहुधा त्यासोबतच येतात, दोन्ही कामं एकत्र होतील.

रिंगमास्टर (१०:०९)
कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतल्याशिवाय मी मानणार नाही.

किल्लीपाना (१०:१५)
यावेळी रिंगमास्टर बरोबर बोलतायत. कव्हर घेण्याआधी कॉम्प्रेशन घ्याच.

घाईतला (बुधवार, रात्री ८:२०)
घेतलं. चारही ९, ९, ९, ९.५. मेलो.

किल्लीपाना (८:२६)
चारही सारखेच कमी? थ्रॉटल पूर्ण उघडलं होतं का? चारही प्लग काढले होते का? इंजिन गरम होतं का?

घाईतला (८:२९)
थ्रॉटल? ते कशाला उघडायचं?

किल्लीपाना (८:३१)
कारण बंद थ्रॉटलमधून हवाच आत जात नाही! पेट्रोलचा फ्यूज काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून परत घ्या.

घाईतला (९:४०)
१२.५, १२.३, १२.४, १२.६. मग रिंगमास्टरांच्या सांगण्याप्रमाणे १ आणि २ मध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं: १२.९ आणि १२.८. म्हणजे?

रिंगमास्टर (९:४६)
ऑइल टाकल्यावर आकडा उडी मारून वर गेला असता तर रिंगा. इथे जेमतेम हलला. कॉम्प्रेशनच्या रिंगा ठीक आहेत. ऑइल खरवडणाऱ्या रिंगा अडकलेल्या असतील तर त्या या चाचणीत दिसत नाहीत, हे मात्र लिहून ठेवतो.

सरळसोट (९:५०)
गरम प्लग लावा, म्हटलं होतं.

घाईतला (गुरुवार, रात्री ११:३०)
कव्हर आलं, बदललं. जुन्याचा पडदा मधोमध फाटलेला निघाला. मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल पुसून घेतलं, प्लग नवे टाकले. १ आणि २ च का ओले, तेही कळलं: पीसीव्हीची वाट मॅनिफोल्डमध्ये त्याच टोकाला उघडते. झाकण आता आयडलवर सहज निघतं. ट्रिम अधिक ३. शिट्टी गेली. उद्या निघतोय.

किल्लीपाना (११:४१)
जाताना लिटरभर ऑइल बरोबर ठेवा आणि दर पाचशे किलोमीटरला डिपस्टिक बघा. मॅनिफोल्डमधलं उरलंसुरलं जळेपर्यंत थोडा धूर येईल. चेक इंजिनचा दिवा लुकलुकला तर मात्र थांबा, मिसफायरचं न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) जाळतं. नुसता पेटून राहिला तर घाई नाही.

घाईतला (पुढचा मंगळवार, रात्री ८:०५)
परत आलो. १४०० किलोमीटर. ऑइल पाव लिटरही नाही गेलं. प्लग बघितले, चारही तपकिरी. सगळ्यांचे आभार, रिंगमास्टरांचेही.

रिंगमास्टर (८:२०)
पाव लिटर तरी गेलंच ना. लक्ष ठेवा.

टर्बोपंत (८:३४)
माझ्या डिझेलचा इंटरकूलर परत ओला दिसतोय. त्यालाही हेच कव्हर चालेल का?