लीना लव्हिचचा ठसा: वेण्यांचा की गळ्याचा?

तबकडीवाला
न्यू वेव्ह गायिका लीना लव्हिचचं नाव निघालं की लोक लांब वेण्या, काळी लेस आणि वटारलेले डोळे एवढ्यावरच थांबतात. माझं ठाम मत आहे की तिचा खरा ठसा गळ्याचा आहे. 1979 मध्ये तिचं ‘लकी नंबर’ हे गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यातली ‘अ-ओ, ए-ओ’ ही उचकी, म्हणजे मध्येच तुटून वर उडणारा आवाज, वरून लावलेली झालर नाही; ती काढली तर गाणंच उरत नाही. त्याच वर्षी जर्मन गायिका नीना हागेननं ‘उनबेहागेन’ अल्बममध्ये हीच चाल घेऊन स्वतःचे जर्मन शब्द त्यावर बसवले. प्रभावाचा याहून थेट पुरावा कोणता?

निषाद
चाल उचलली म्हणजे गायकी उचलली असं होत नाही. हागेनच्या बँडचा पहिला अल्बम 1978 चा, लव्हिचच्या ‘स्टेटलेस’ अल्बमच्याच वर्षीचा. त्यातलं ‘नाटुरट्रेने’ ऐका, आवाज थेट ऑपेराच्या पट्टीत चढतो. हा गळा आधीच तयार होता. आणि उचकीच म्हणाल तर अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक बडी हॉलीनं ती 1957 मध्येच ‘पेगी स्यू’त वापरली आहे.

तबकडीवाला
हॉली शब्दाला हिसके देतो, शब्द मात्र शाबूत राहतो. लव्हिच तिथे शब्दच काढून टाकते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

खर्ज ते तार
दोघांनीही ही उचकी निघते कशी ते पाहावं. छातीच्या आवाजात, म्हणजे बोलताना लागतो तशा भरीव आवाजात, मध्यम जोरानं ‘अ’ लावा. खोकल्याआधी घसा मिटतो तसा तो क्षणभर मिटा आणि सोडताना वरचा स्वर डोक्याच्या आवाजात, म्हणजे पातळ, हलक्या आवाजात, हलक्या श्वासावर घ्या. आधी चार-पाच स्वरांचंच अंतर ठेवा, मग सप्तकापर्यंत वाढवा. दहा मिनिटं पुरे, घसा खरखरला तर लगेच थांबा. नेमकं चुकतं ते वरच्या स्वराला जोर दिल्यानं: छातीचा आवाज वरपर्यंत ओढला जातो, छातीच्या आणि डोक्याच्या आवाजातला सांधा बदलत नाही आणि उचकीची किंकाळी होते. किशोरकुमारांच्या यॉडलिंगमध्येही हाच सांधा उलटतो, फक्त तिथे घसा असा मिटत नाही, स्वर वाहता राहतो.

रेकॉर्डिंगमध्ये दोन गोष्टी मारक. कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार कमी करणारं यंत्र, फार आवळला तर खालचा-वरचा फरक सपाट होतो. आणि एकच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवली तर दोन्ही उचक्या एका क्षणाला पडत नाहीत, कडा बोथट होते. शब्दांच्या ओळी खुशाल दुहेरी करा, उचकी एकेरीच ठेवा.

निषाद
ही माहिती कामाची आहे, आभार. पण यानं कौशल्य सिद्ध होतं, प्रभाव नाही. प्रभाव म्हणायचा तर त्या आवाजामुळे दुसऱ्या कुणाचं काम बदललेलं दिसायला हवं.

तबकडीवाला
मग ‘न्यू टॉय’ घ्या, 1981. थॉमस डॉल्बी तिच्याकडे कीबोर्ड वाजवायचा, हे गाणं त्यानंच तिच्यासाठी लिहिलं. त्यातल्या तुटक, उड्या मारणाऱ्या ओळी सरळ गळ्यानं गाऊन बघा, लगेच पोकळ वाटतात. लिहिणाऱ्याच्या कानात हाच आवाज होता.

निषाद
‘न्यू टॉय’पुरतं मान्य. हागेनबद्दल मात्र मी हटणार नाही. ‘नाटुरट्रेने’ शेवटपर्यंत ऐका आणि त्यात लव्हिचची एक तरी उचकी दाखवा.