तालीम, मालूम, अलम आणि आलम एकाच अरबी धातूचे आहेत काय?

प्रश्न (निपाणी)
जुन्या मोडी कागदांचे लिप्यंतर करताना ‘हुजूर येऊन मालूम केले’ हा प्रयोग वारंवार भेटतो. मालूम, अलम, आलम आणि आपल्या गल्लीतली तालीम हे सारे ऐन-लाम-मीम या तीन अरबी अक्षरांच्या एकाच धातूचे मानले जातात. ‘जाणणे’ या अर्थापासून लाल मातीच्या आखाड्यापर्यंत मजल कशी गेली? मामला आणि एलान हेही याच कुळातले काय?

उत्तर (खानापूर)
अरबीत धातूची तीन व्यंजने कायम राहतात आणि भोवतालचा साचा बदलला की अर्थ बदलतो. इल्म म्हणजे ज्ञान, आलिम म्हणजे जाणणारा, उलमा हे त्याचे अनेकवचन, आणि मालूम म्हणजे ‘जाणलेले’. मधले व्यंजन दुप्पट केले की ‘अल्लम’, म्हणजे शिकवले, असे प्रयोजक रूप होते. त्याचे भाववाचक नाम तालीम आणि शिकवणारा तो मुअल्लिम. म्हणजे तालीम हे मुळात नुसते शिक्षण. मराठीने तो शब्द कुस्तीच्या शिक्षणाला, मग त्या जागेलाच, आणि पुढे नाटकाच्या सरावालाही लावला. कन्नडमध्येही सरावाला ‘तालीमु’ म्हणतात. आखाड्यासाठी मात्र ‘गरडी मने’ हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे.

उत्तर (बेळगाव)
मामला या कुळातला नव्हे. त्याचा धातू ऐन-मीम-लाम, म्हणजे व्यंजने तीच पण क्रम निराळा, आणि अर्थ ‘काम करणे’. अंमल, अंमलदार, मामलेदार ही सारी त्याचीच संतती. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, म्हणून मामलेदार हा शब्द इथल्या जुन्या कागदांत सर्रास सापडतो. आताच्या तहसीलदाराचा धातू तिसराच. एलानमध्ये शेवटी मीम नसून नून आहे. त्याचा अर्थ ‘उघड होणे’.

उत्तर (चिकोडी)
अलम म्हणजे खूण, निशाण. मोहरमात मिरवतात तेही अलमच. ज्यावरून ओळखता येते ती खूण, असा त्याचा ‘जाणणे’शी सांधा जुळतो. आलम, म्हणजे जग, याचीही उपपत्ती जुने अरबी कोशकार ‘ज्यावरून निर्मात्याची ओळख पटते ते’ अशीच लावतात. ती सुरेख असली तरी मागाहून बसवलेली वाटते, कारण हिब्रूत ‘ओलाम’ आणि आरामाईकमध्ये ‘आल्मा’ हे शब्द आहेत, आणि अनेक आधुनिक अभ्यासक आलम हा आरामाईकमधून आलेला मानतात. उर्दू शायरीतला दुःखवाचक ‘अलम’ मात्र ऐनने नव्हे, तर हमझा या वेगळ्या अरबी व्यंजनाने सुरू होतो. देवनागरीत ऐन आणि हमझा दोन्ही ‘अ’ होत असल्यामुळे तो चुकून या यादीत शिरतो.