फ्लोरिडात हे करून झालंय

'नोकरीसाठी लघवीची चाचणी चालते, मग सरकारी मदत घेणाऱ्यांची का नको?' हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही पटला होता. पण अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने जुलै 2011 पासून नेमकं हेच केलं. गरीब कुटुंबांच्या रोख मदतीसाठी अर्ज केला की अमली पदार्थांची चाचणी सक्तीची. पैसे आधी अर्जदाराने भरायचे, चाचणीत काही सापडलं नाही तर सरकार परत देणार. घरात दुधाला पैसे नाहीत म्हणून जो दारात आलाय, त्याने हे तीसेक डॉलर आणायचे कुठून?

4,046 जणांची चाचणी झाली, त्यात सापडले 108. शंभरात तीनसुद्धा नाहीत! बाकीच्यांचे पैसे परत करण्यातच सरकारचे 1,18,000 डॉलरच्या वर गेले.

एकट्याने मूल वाढवणारा एक माजी नौसैनिक कोर्टात गेला आणि ऑक्टोबरमध्येच स्थगिती आली. संशयाला कारण नसताना सरकारने कुणाची झडती घेऊ नये, हे त्यांच्या चौथ्या घटनादुरुस्तीचं संरक्षण मदत मागितल्याने सुटत नाही, हे 2014 मध्ये अपिलातही कायम राहिलं. नोकरीशी तुलना इथेच तुटते. ती घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी मालकाला नाही.