लेकीला शाळेत ‘शू आली’ऐवजी काय म्हणायला शिकवू? (सल्ला हवा)

ओवीची_आई
नमस्कार मंडळी. लेक साडेतीन वर्षांची, या जूनपासून नर्सरीत जाते. आम्ही पुण्यात, घरात मराठीच. घरी ती ‘शू आली’, ‘शी आली’ म्हणते, आपण सगळे म्हणत आलो तसंच. तिच्या वर्गाच्या बाई केरळच्या. फार मायाळू आहेत, पण मराठी आत्ताच शिकताहेत. दुसऱ्याच आठवड्यात ओवी त्यांच्याजवळ जाऊन ‘शू, शू’ म्हणाली. बाई खाली वाकल्या, तिच्या बुटांचे पट्टे सोडून पुन्हा नीट लावले आणि पाठीवर थोपटून तिला जागेवर पाठवलं. दोन मिनिटांत चड्डी ओली. मला सांगताना बाईंचेच डोळे भरले होते. ओवीने मात्र तेव्हापासून शाळेत पाणी पिणंच सोडलंय. बाटली भरलेली जाते, भरलेली परत येते.

मला दोनच शब्द हवेत, शूसाठी एक आणि शीसाठी एक. मराठी असावेत, तिला म्हणता यावेत, चारचौघांत कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये आणि मोठेपणी बदलावे लागू नयेत. घरात तीन मतं आहेत. सासूबाई ‘परसाकडे’ म्हणतात, नवरा म्हणतो ‘वॉशरूम’ शिकव, माझी आई म्हणते शू-शीच राहू दे. पॉटी सीट, डायपर यांवर सल्ला नको, ते सगळं पार पडलंय. फक्त शब्द सुचवा.

सांगलीचा_बापू
यात एवढा विचार काय करायचा? एक नंबर आणि दोन नंबर. करंगळी वर केली की एक, दोन बोटं केली की दोन. आमची अख्खी पिढी त्यावर निभावली. बाई मराठी असोत की मल्याळी, करंगळी सगळ्यांना कळते.

निशिगंध७
बापू, मुंबईत ‘एक नंबर’ म्हणजे झकास. माझ्या मुलाने काढलेलं चित्र बघून मामा ‘एक नंबर!’ म्हणाला, तर मुलाने कागद उलटा करून ओला झालाय का ते पाहिलं आणि रडायला लागला. आम्ही तेव्हापासून ‘टॉयलेट’ म्हणतो. सगळीकडे चालतं.

अर्णवचे_पप्पा
सीट नको म्हणालात तरी सांगतो. आम्ही पायऱ्यांची शिडी असलेली घेतली, साडेबाराशे पडले, पण पैसे वसूल. कमोडवर पाय लोंबकळत राहिले की मुलांना जोर करता येत नाही. पाय टेकले की दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत. शब्द कुठलाही असू द्या.

वऱ्हाडी_माणूस
आमच्याकडे कोणी लाजत नाही. ‘संडासले जाऊन येतो’ म्हटलं की झालं. पुण्यात नोकरीला आलो तर रूमवरचा मित्र म्हणे असं बोलत जाऊ नको, ‘फ्रेश होऊन येतो’ म्हण. आता फ्रेश तर माणूस आंघोळ करूनही होतो. मी आजही संडासच म्हणतो. पण लहान पोरीच्या तोंडी तो शब्द शोभणार नाही, तिला सू-सू शिकवा. हिंदीवाल्यांनाही समजते.

गौरी_ठाणे
सगळे शूबद्दल बोलताहेत, मला शीबद्दल सांगायचंय. आपण हा एक शब्द दोन कामांना वापरतो. मुलाने केली तीही ‘शी’ आणि जमिनीवर पडलेलं बिस्किट उचललं तरी ‘शी! टाक ते’. माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना पडदा मुठीत धरून त्याच्यामागे उभा राहायचा, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. संडासात न्यायला गेलं की ओरडायचा, ‘मी शी नाही! मी शी नाही!’ त्याला काय म्हणायचंय हे मला कळायला तीन-चार दिवस लागले. नाक मुरडून आपण जो आवाज काढतो, तोच आपल्याला लावला जातोय असं त्याला वाटत होतं. धरून धरून खडा झाला, मग डॉक्टर, मग औषध. त्यानंतर घरात घाणीला ‘घाण’च म्हणायचं ठरवलं. सासऱ्यांनासुद्धा आठवण करून द्यावी लागायची, पण त्यांनी पाळलं. दोन महिन्यांनी पडदा सुटला.

निशिगंध७
म्हणूनच म्हणते, टॉयलेट.

अप्पा_रत्नागिरी
टॉयलेट हा फ्रेंचमधून आलेला शब्द, मूळ अर्थ कापडाचा तुकडा. वॉशरूम म्हणजे धुण्याची खोली. पायखाना फारसी. प्रत्येक पिढी जुना शब्द खराब झाला म्हणून नवा आणते आणि वीस वर्षांत तोही खराब होतो. शौच शब्द शुचीवरून आला, म्हणजे त्याचा अर्थच शुद्धता. त्याचंही तेच झालं.

परसाकडे म्हणणाऱ्या तुमच्या सासूबाईंचं मला कौतुक वाटतं. परस म्हणजे घरामागची जागा. आमच्या घरी रात्री परसात जायचं तर एका हातात कंदील, दुसऱ्या हातात टमरेल. आई मागच्या दाराशी उभी राहून थोड्या थोड्या वेळाने खाकरायची, म्हणजे आम्हाला अंधारात सोबत. मी पंच्याहत्तरीला आलो, अजून तो खाकरण्याचा आवाज कानात आहे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या नातीला परस कुठून दाखवणार?

माझं मत विचाराल तर हगणं आणि मुतणं हे अस्सल मराठी शब्द. मूळ संस्कृत, ‘हद्’ आणि ‘मूत्र’. गावोगावच्या वेशीवर सरकारने ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी पाटी लावली, ती सगळे वाचतात, कोणी तोंडावर पदर घेत नाही. मग घरातच कसली लाज?

निशिगंध७
अप्पा, आदर ठेवून म्हणते, ‘बाई, मला मुतायला जायचंय’ असं माझ्या मुलाने म्हटलं तर मला शाळेत बोलावून घेतील.

वऱ्हाडी_माणूस
गावात असेच बोलतात न. कोणाले बोलावत नाही.

गौरी_ठाणे
गावात आणि शहरात फरक आहे, आणि मुलीने म्हणणं आणि मुलाने म्हणणं यात लोक आणखी फरक करतात. मुलगी मोठ्याने बोलली की लगेच ‘हळू बोल’. आमच्या आत्याने कॉलेजात असताना बसच्या प्रवासात सहा तास धरून ठेवलं, ड्रायव्हरला सांगायचं कसं म्हणून. ओवीला निदान असा शब्द द्या, जो ती मोठ्याने म्हणेल.

सांगलीचा_बापू
करंगळीला मोठ्याने बोलायला लागतच नाही. वर मी तेच सांगितलं होतं.

एडिसनची_मावशी
आम्ही न्यू जर्सीत. इथे डे-केअरमध्ये ‘पी’ आणि ‘पू’. आई भारतातून आली, नातीला मांडीवर घेऊन दुधाचा पेला तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘पी गं, पी.’ नात उडी मारून बाथरूमकडे पळाली. असं तीनदा झालं. आणि ‘पू झाला’ म्हटल्यावर आईने तिचे गुडघे-कोपर सगळे तपासले, कुठे जखम पिकलीय म्हणून. शेवटी घरात शू-शी, बाहेर पी-पू असं केलं. मुलं दोन्ही भाषा आठवड्याभरात वेगळ्या ठेवतात, त्याचं टेन्शन घेऊ नका.

ओपीडीतली_सिस्टर
मी मुलांच्या ओपीडीत पंधरा वर्षं नर्स आहे. रोजची तक्रार असते, ‘हिची शू दुखते’. आता दुखतं काय? कोणाच्या घरी शू म्हणजे लघवी, कोणाच्या घरी लघवीची जागा. पाच वर्षांच्या एका मुलीची आम्ही लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट चांगला आला. मग कळलं की ती सायकलच्या दांडीवर आपटली होती. म्हणून क्रियेला एक शब्द आणि अवयवाला वेगळा, एवढं घरात पक्कं करा. ‘शूची जागा’ म्हटलं तरी चालेल. उद्या कोणी नको तिथे हात लावला तर तिला ते सांगायलाही शब्द लागेल. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, पण सुरुवात मुलाच्या सांगण्यापासूनच होते.

आणि ओवीच्या आई, बाटली भरलेली परत येते हे मला शब्दापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. या वयात मूत्राशयात साधारण १५० मिलिलिटर मावतं, म्हणजे एक लहान फुलपात्रभर. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो. त्यात पाणी कमी आणि धरून ठेवणं, म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. शिवाय खडा होतो तो वेगळाच. आधी पाणी सुरू करा. जळजळ किंवा ताप दिसला तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

बालवाडीची_ताई
वीस वर्षं बालवाडी चालवते. माझ्याकडे मराठी, कानडी, बिहारी, मारवाडी सगळी मुलं येतात. पहिल्या दिवशी प्रत्येक आईला विचारून वहीत लिहून घेते की तुमचं मूल काय म्हणतं. एक मुलगा ‘पाणी सोडायचंय’ म्हणायचा, एक मुलगी नुसतीच माझी ओढणी धरायची. मुलाने आपला शब्द बदलायच्या आधी बाईंनी तो शिकायला हवा, असं माझं मत आहे. तुमच्या बाई भल्या दिसतात, त्यांना कागदावर लिहून द्या.

दुसरं म्हणजे, मुलं कितीदा शब्दामुळे अडलेली नसतातच. एकदा शाळा सुटल्यावर संडासात जा आणि तिच्या उंचीला बसून बघा. दिव्याचं बटण कुठे आहे, कडी आतून बसते का, नळाला हात पोचतो का. आमच्याकडे एक मुलगी जायचीच नाही. गुडघ्यावर बसले तेव्हा दिसलं की खिडकीच्या गजात अडकलेलं काळं फडकं वाऱ्याने हलत होतं. ते काढलं, दुसऱ्या दिवसापासून जायला लागली. आणि ठरलेल्या वेळी सगळ्यांना घेऊन जायचं. वर्गात आल्यावर, डब्याच्या आधी आणि घरी निघताना. म्हणजे मागायची वेळ कमी येते.

अर्णवचे_पप्पा
शाळेत पायाखाली पाट असतो का तेही बघा. शिडीची लिंक हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ओवीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण करून बघत होते.

ताई, तुमचं ऐकून शनिवारी शाळेत गेले. कडी ठीक होती, पण फ्लश फार जोरात आवाज करतो. ओवी कान झाकून उभी राहिली, तेव्हा मला कळलं. आता मावशी ती बाहेर आल्यावर फ्लश करतात. सिस्टर, बाटली काल अर्धी रिकामी आली. गौरी, घरात नाक मुरडणं बंद केलंय, नवऱ्याला अजून जमत नाही.

शब्द मात्र मी तुम्हा कोणाचाच घेतला नाही. ‘लघवी’ आणि ‘संडास’ शिकवलंय. सिस्टर, तुम्ही लिहिताना सहज ‘लघवी’ म्हणालात आणि मला वाटलं, दवाखान्यात, शाळेत, उद्या ऑफिसात, कुठेही हा शब्द अडणार नाही. संडासाबद्दल वऱ्हाडी दादा म्हणाले लहान तोंडी शोभत नाही, सासूबाईही तेच म्हणाल्या. पण त्या खोलीचं मराठीत रोजचं नाव तेच आहे. आणि आम्ही तो शब्द तोंड वाकडं न करता म्हटला, तर तिला तो वाईट आहे हे कळणार कुठून? त्यामुळे मी ठाम आहे.

बाईंना कागद दिला. त्यांनी दोन्ही शब्द मल्याळी लिपीत हजेरीच्या वहीवर लिहून घेतले आणि म्हणाल्या, आमच्याकडे ‘मूत्रम्’ म्हणतात. अप्पा, तुमची आठवण झाली.

सोमवारी ओवी वर्गात हात वर करून ‘लगवी’ म्हणाली. घ तिला अजून येत नाही. बाईंनी सांगितलं, तिचं ऐकून शेजारचे तिघेही ‘लगवी’ म्हणत उठून रांगेत उभे राहिले.

सांगलीचा_बापू
हात वर केला म्हणजे करंगळीही वर गेलीच की. छान झालं. पोरीला पाणी भरपूर पाजा.