नवीन टायर बसवल्यापासून स्टेअरिंग थरथरते. तीन वेळा बॅलन्सिंग करूनही फरक नाही (नाशिक)

गंगापूररोडकर
नमस्कार. मागच्या आठवड्यात गाडीला चारही टायर नवीन घेतले आणि त्याच दिवसापासून स्टेअरिंग थरथरू लागले. दोन वेगवेगळ्या दुकानांत मिळून तीन वेळा बॅलन्सिंग (चाकाला छोटी वजने लावून समतोल साधणे) करून घेतले. प्रत्येक वेळी यंत्रावर चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला शून्य आलेले मी स्वतः उभे राहून पाहिले आहे, तरीही पाथर्डी फाटा ओलांडून विल्होळीपर्यंत जाईस्तोवर थरथर पुन्हा सुरू होते. दुसऱ्या दुकानदाराचे म्हणणे असे की रस्ताच तसा आहे. पण मी याच रस्त्याने वर्षानुवर्षे जातो आहे. चाके अलॉयची (मिश्रधातूची) आहेत. येत्या शनिवारी पहाटे आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला न्यायचे आहे, त्यामुळे वेळ फार कमी आहे. नाशकात खात्रीचे बॅलन्सिंग कुठे होते, एवढेच कृपया सांगावे.

रोजचा_कसारा
गाडी कोणती, टायरचे माप काय, थरथर कोणत्या वेगाला येते आणि ती हातांना जाणवते की बसल्या जागी, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. हातांना जाणवत असेल तर बहुधा पुढची चाके, आणि सीटखाली जाणवत असेल तर मागची, इतके तरी त्यावरून ठरवता येते.

गंगापूररोडकर
स्विफ्ट, २०१९. टायर १८५/६५ आर १५. ताशी ८० ला सुरू होते, ९० ते ९५ च्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि ११० च्या पुढे थोडी कमी होते. मुख्यतः स्टेअरिंगला. आता तरी दुकान सुचवा.

पंचवटीकर
हा अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांचा दोष आहे. माझ्याही गाडीला नवीन टायरनंतर असेच झाले होते आणि अलाइनमेंट केल्यावर गाडी सरळ झाली. बॅलन्सिंगवर आणखी पैसे घालवू नका.

रोजचा_कसारा
पंचवटीकर, आपली गाडी एका बाजूला ओढत होती, म्हणून ती अलाइनमेंटने सरळ झाली. अलाइनमेंट बिघडले की गाडी ओढते, टायर एका कडेने झिजतो, स्टेअरिंग वाकडे राहते. ठरावीक वेगाला येणारी आणि पुढे कमी होणारी थरथर ही चाकाच्या फिरण्यातल्या असमतोलाची खूण आहे. या दोन गोष्टी दुकानात एकाच पावतीवर लिहिल्या जातात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

पंचवटीकर
मी अनुभव सांगितला. नायट्रोजनही भरून पाहावा, त्याने गाडी मऊ चालते.

द्राक्षबाग_दिंडोरी
साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्याने असमतोल जाणार नाही. माझा सल्ला असा की चाके काढून आतल्या बाजूने धुवावीत. आमच्याकडे पावसाळ्यात बागेतून गाडी बाहेर काढली की काळी माती डिस्कच्या (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाच्या) आतल्या कडेला बसते आणि वाळून विटेसारखी घट्ट होते. मागच्या वर्षी मी खुरप्याच्या टोकाने एका चाकातून मूठभर ढेकूळ काढले होते, आणि थरथर तिथेच थांबली. स्टिकरची वजने त्या मातीवर चिकटवली तर पहिल्या धुण्याबरोबर गळून पडतात.

गंगापूररोडकर
चाके आतून धुतलेली आहेत. वजनेही जागेवर आहेत. डाव्या पुढच्या चाकाला एकूण ८५ ग्रॅम लावले आहे, हे जास्त आहे का?

सातपूरचा_टर्नर
एवढ्या चाकाला ८५ ग्रॅम जास्त वाटते. त्यामुळे दुकान बदलण्याआधी तिथेच दोन गोष्टी करून घ्या. पहिली, यंत्रावर शून्य आल्यावर चाक शंकूवरून (मधल्या छिद्रात बसून चाक धरणाऱ्या यंत्राच्या भागावरून) सैल करून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला सांगा आणि परत मोजायला लावा. आकडा बदलला तर चाक यंत्राच्या मधोमध बसतच नाही, आणि आधीचे शून्य खोटे ठरते. दुसरी, टायरवरचा पिवळा ठिपका पाहा. तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्वशेजारी यायला हवा. तो भलतीकडे असेल, तर टायर डिस्कवर फिरवून बसवल्याने निम्मे वजन वाचू शकते.

हे किरकोळ वाटू नये म्हणून हिशेब देतो. आपल्या मापाचा टायर ताशी ९० ला सेकंदाला जवळजवळ १३ फेरे घेतो. त्या वेगाला डिस्कच्या कडेवरचा ३० ग्रॅमचा फरक प्रत्येक फेऱ्यात चाकाला सुमारे पावणेचार किलोच्या जोराने खेचतो.

आणि एक प्रश्न: अलॉय कंपनीचे की बाहेरून घेतलेले?

गंगापूररोडकर
व्हीएक्सआय मॉडेल आहे, तिला कंपनीचे अलॉय येत नाहीत. २०२१ मध्ये बाहेरून बसवले. पण याचा काय संबंध? जुने टायर असेपर्यंत याच अलॉयवर कधीही त्रास झाला नाही.

सातपूरचा_टर्नर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिले असते, तर एवढी चर्चा वाचली असती. स्विफ्टच्या हबचा (गाडीच्या ज्या मधल्या भागावर चाक बसते त्याचा) व्यास ५४.१ मिलिमीटर आहे. बाहेरची अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले छिद्र मोठे ठेवतात, पुष्कळदा ७३.१ मिलिमीटर. मधली, सर्व बाजूंनी साडेनऊ मिलिमीटरची पोकळी हब रिंगने भरायची असते. ती नसेल तर चाक यंत्रावर बिनचूक असूनही गाडीवर मध्यापासून सरकून बसते. टायरसह सोळा किलोचे चाक केवळ अर्धा मिलिमीटर सरकले, तरी तो डिस्कच्या कडेवर चाळीसेक ग्रॅम ठेवल्यासारखा असमतोल होतो. यंत्राला तो दिसणार नाही, कारण यंत्र चाक स्वतःच्या शंकूवर मध्यात धरते. टायर बदलताना रिंगा कुठे गेल्या, ते पाहा.

रोजचा_कसारा
इथे मी सहमत नाही. आपले नट शंकूच्या आकाराचे असतात आणि चाक तेच मध्यावर आणतात. माझी अलॉय रिंगेशिवाय तीन वर्षे कसारा घाट चढत-उतरत आहेत.

सातपूरचा_टर्नर
आपले म्हणणे एका अटीवर बरोबर आहे. चाक जॅकवर अधांतरी असताना चारही नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवले आणि मग टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) थोडे थोडे आवळले, तर नट चाकाला मध्यावर आणतात. बहुतेक दुकानांत मात्र पहिल्याच नटावर हवेची गन पूर्ण दाबतात. चाक त्या बाजूला दाबले जाते आणि उरलेले तीन नट त्याला तिथेच पक्के करतात. आपण चाके स्वतः बसवत असणार.

रोजचा_कसारा
होय, स्वतःच बसवतो. गनचा मुद्दा मान्य आहे.

पंचवटीकर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा जुन्या लोखंडी डिस्क परत लावाव्यात.

गंगापूररोडकर
लोखंडी डिस्क २०२१ मध्येच विकल्या.

आज सकाळी घरीच चाके उतरवली. उजव्या पुढच्या चाकात काळी प्लास्टिकची रिंग जागेवर आहे. डाव्या पुढच्या चाकात रिंग नाही आणि हबवरही नाही. हबच्या तोंडावर गंजाची तांबडी पापडी आहे आणि तिच्यावर चाक एका अंगाने घासल्याची चकचकीत चंद्रकोर उमटली आहे. मागच्या डाव्या चाकातली रिंग तडकलेली आहे.

पहिल्या दुकानात जाऊन विचारले, तेव्हा तिथल्या मुलाने सोलून काढलेल्या जुन्या वजनांचा डबा जमिनीवर उपडा केला आणि त्यात माझी रिंग सापडली. शंकू नीट बसत नाही म्हणून त्याने ती काढली होती आणि परत लावायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. त्याने ते सरळ कबूल केले, म्हणून मी त्याला काही बोललो नाही.

सातपूरचा_टर्नर
हब तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, मगच रिंग बसवा. तडकलेल्या रिंगेऐवजी सातपूर किंवा अंबडमध्ये कोणत्याही लेथवर ॲल्युमिनियमची करून मिळेल. मात्र तिला आतून ग्रीसचा पातळ हात द्या, नाहीतर ती गंजाने हबला धरून बसते. डावे चाक सगळी वजने काढून नव्याने बॅलन्स करा.

गंगापूररोडकर
सर्व केले. पिवळा ठिपका व्हॉल्वच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता. टायर फिरवून बसवल्यावर ८५ ग्रॅमच्या जागी ३० ग्रॅमवर काम झाले. मागच्या चाकासाठी अंबडमधून ॲल्युमिनियमची रिंग करून आणली. नट हाताने लावून टॉर्क पान्याने आवळले. काल संध्याकाळी घोटीपर्यंत जाऊन आलो. ८० पासून १०० पर्यंत स्टेअरिंग स्थिर आहे, सीटखालीही काही जाणवत नाही. उद्या पहाटे निघतो आहोत. सुरुवातीला उतावीळपणे लिहिले आणि अलॉयची माहिती दिली नाही, त्याबद्दल क्षमस्व. आपण सर्वांनी वेळ दिलात, मनापासून आभार.

सातपूरचा_टर्नर
घोटीची फेरी झालेलीच आहे, तर निघण्यापूर्वी नट एकदा पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. चाक नव्याने बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत ते थोडे सैल होऊ शकतात.

नाशिकरोड_प्रवासी
माझ्याही गाडीला बाहेरचे अलॉय आहेत, गाडी होंडा सिटी. मीही ५४.१ चीच रिंग घ्यावी का?

सातपूरचा_टर्नर
नाही, सिटीचा हब ५६.१ चा असतो. तरीही माझ्या आकड्यावर रिंग मागवू नका. चाक उतरवून हबचा बाहेरचा आणि अलॉयचा आतला व्यास व्हर्नियरने मोजा आणि दोन्ही मापे इथे लिहा.